स्वभावाला औषध : तंजावरच्या छत्रांचा एक धडा

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकलेली आहे. घरातले एखादे माणूस क्षणात जीव ओवाळून टाकते आणि दुसऱ्या क्षणी वैऱ्यासारखे वागते. एखादा तरुण क्षुल्लक कारणावरून पेटून उठतो आणि मग स्वतःलाच इजा करून घेतो. अशा वेळी घरातील वडील मंडळी सुस्कारा टाकून ही म्हण उच्चारतात आणि प्रकरण तेथेच मिटते. रोग असेल तर वैद्याला बोलवावे. स्वभावाला कोण काय करणार?

आज मला या म्हणीविषयी बोलावयाचे आहे आणि त्यासाठी आपल्याला कावेरीच्या काठी, तंजावरला घेऊन जावयाचे आहे. ज्या गावी मराठी राजघराण्याने १६७० नंतरच्या दशकापासून १८५५ पर्यंत राज्य केले, तेथे रुग्णाच्या शुश्रूषेचा एक जुना, सलग आणि विचार करण्याजोगा इतिहास आहे. आजच्या मानसोपचाराला ज्या रुग्णाची काळजी घेणे सर्वांत अवघड वाटते, त्या रुग्णाच्या संदर्भात हा इतिहास आठवावा असे मला वाटते.

प्रथम तो रुग्ण कोण हे सांगितले पाहिजे. मानसोपचारशास्त्रात 'व्यक्तिमत्त्वविकार' अशी एक संज्ञा आहे. उन्मादात माणसाचे भान सुटते, त्याला नसलेले आवाज ऐकू येतात, भलतेच भास होतात. व्यक्तिमत्त्वविकारात तसे सहसा काही नसते. रुग्ण बोलतो नीट, हिशेब करतो नीट, कित्येकदा आपल्याहून चतुर असतो. बिघाड असतो तो माणसामाणसांतील नात्यात आणि स्वतःकडे पाहण्याच्या दृष्टीत. ही घडण बहुधा पौगंडावस्थेपासून दिसू लागते, वर्षानुवर्षे टिकते, आणि रुग्णाला व त्याच्या माणसांना सारखीच पोळते. यातील एका प्रकारास 'बॉर्डरलाइन' म्हणतात. त्यात कोणी आपल्याला सोडून जाईल ही भीती मनाला सतत ग्रासून असते. राग आणि प्रेम यांच्यामध्ये उसंत नसते. मनाची वेदना असह्य झाली की हातावर ब्लेड ओढले जाते किंवा गोळ्यांची बाटली रिकामी होते.

आता असा रुग्ण रुग्णालयात आला तर काय होते पाहा. शेजारच्या खाटेवर न्यूमोनियाचा रुग्ण आहे. त्याची कीव येते. या रुग्णाची येत नाही. त्याची जखम त्याने स्वतः केलेली असते. सकाळच्या परिचारिकेला तो 'तुमच्यासारखे कोणी नाही' म्हणतो आणि रात्रपाळीच्या परिचारिकेवर खोटे आरोप करतो. मग 'ढोंगी', 'नाटकी', 'लक्ष वेधून घेणारा' ही विशेषणे हळूहळू त्याच्या कागदांना चिकटतात. १९८८ साली ल्युइस आणि ॲपलबी या दोघा संशोधकांनी इंग्लंडमध्ये एक पाहणी केली. मानसोपचारतज्ज्ञांना त्यांनी रुग्णांची वर्णने वाचावयास दिली. ज्या वर्णनात पूर्वी 'व्यक्तिमत्त्वविकार' असे निदान झाल्याचा उल्लेख होता, तो रुग्ण तज्ज्ञांना अधिक त्रासदायक आणि सहानुभूतीस कमी पात्र वाटला. बाकी हकीकत तीच होती. एका शब्दाने एवढा फरक पडला. ही तर डॉक्टरांची गोष्ट झाली. डॉक्टर दिवसातून थोडा वेळ येतात. परिचारिका त्या रुग्णाजवळ आठ-आठ तास असते.

आपल्या जुन्या वैद्यकाने माणसाच्या स्वभावाचा विचार केलाच नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाच्या घडणीचे सोळा प्रकार सांगितले आहेत : सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस. ही काही रोगांची यादी नव्हे. ती माणसे ओळखण्याची यादी आहे. कोण शूर पण क्रूर, कोण भित्रा पण डिवचला की तीक्ष्ण, कोण सदा अस्थिर, असे बारकावे तीत आहेत. त्याच ग्रंथाने चिकित्सेचे तीन मार्ग सांगितले : दैवावर विसंबणारा, युक्तीवर विसंबणारा आणि तिसरा सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चिकित्सेचे चार पाय सांगितले : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत असे चरक म्हणतो. त्याला उपचाराचे ज्ञान असावे, तो दक्ष असावा, रुग्णाविषयी त्याला ममत्व असावे आणि तो शुचिर्भूत असावा.

आपल्या म्हणीकडे या चार पायांवरून पाहिले म्हणजे तिचा अर्थ बदलतो. स्वभावाला औषध नाही, म्हणजे द्रव्याचा पाय लंगडा आहे. हे आजही बरेचसे खरे आहे. बॉर्डरलाइन विकारावर खास असे औषध नाही. गोळ्या दिल्या जातात त्या सोबतच्या नैराश्यासाठी किंवा निद्रानाशासाठी. पण एक पाय लंगडा असला तर खाट टाकून देत नाहीत. उरलेल्या तीन पायांवर अधिक भार घ्यावा लागतो. त्यातला मोठा वाटा परिचारकाकडे येतो.

तंजावरच्या भूमीत परिचारकाचे हे स्थान फार पूर्वीपासून ओळखलेले दिसते. राजराज चोळाची बहीण कुंदवै हिने आपले पिते सुंदर चोळ यांच्या नावाने तंजावरात एक आतुरशाला स्थापिली होती आणि तिच्या खर्चासाठी जमीन लावून दिली होती. 'आतुर' म्हणजे व्याधिग्रस्त. आतुरशाला म्हणजे रुग्णालय. त्यानंतर काही दशकांनी, वीरराजेंद्र चोळाच्या कारकिर्दीत, पालार नदीच्या परिसरातील तिरुमुक्कूडल येथील मंदिराच्या भिंतीवर एका आतुरशालेचा सविस्तर लेख कोरला गेला. पंधरा खाटांचे रुग्णालय. एक वैद्य, एक शल्यवैद्य, औषधी आणणारी माणसे, एक न्हावी, आणि रुग्णांच्या शुश्रूषेसाठी स्त्रिया. साठ्यातील औषधांची यादी त्यात आहे. रात्री तेवत ठेवावयाच्या दिव्याच्या तेलाचीही तरतूद आहे. त्या दिव्याचे मला नेहमी अप्रूप वाटते. आजारी माणसाला रात्र किती मोठी वाटते हे कोणीतरी जाणले आणि त्या जाणिवेला दगडावर, जमाखर्चात जागा दिली.

हा वारसा मराठ्यांच्या हाती आला तो पुष्कळ उलथापालथीनंतर. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला मराठी राज्याची स्थापना केली. या घराण्यातील ज्या पुरुषाचे नाव आजही तंजावरात आदराने घेतले जाते ते दुसरे सरफोजी. सरस्वती महालाची ग्रंथसंपदा त्यांनी वाढविली, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी इतिहास १८०३ साली कोरविला, हे आपण जाणता. त्यांच्या बालपणाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे.

सरफोजी १७७७ साली जन्मले. तुळजाजी राजांनी मृत्यूपूर्वी, १७८७ च्या आरंभी, त्यांना दत्तक घेतले. पण पंडितांचा अभिप्राय घेऊन कंपनीने ते दत्तविधान अवैध ठरविले आणि गादी तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांना दिली. दहा वर्षांचा तो मुलगा एकाएकी कोणाचाच उरला नाही. राजवाड्यात त्याला जवळजवळ कोंडूनच ठेवण्यात आले, शिक्षण तुटले, मोकळी हवा तुटली. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे तुळजाजींनी मुलाची जबाबदारी सोपविली होती. त्याने कंपनीकडे पुनःपुन्हा दाद मागितली, आणि अखेर १७९३ साली मुलाला मद्रासला हलविण्यात आले. तेथे त्याच्या शिक्षणाची व्यवस्था झाली. पंडितांची मते पुन्हा तपासली गेली आणि १७९८ साली सरफोजी गादीवर आले. श्वार्ट्झ त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत वारले होते.

तंजावरच्या किल्ल्यात शिवगंगेजवळ श्वार्ट्झचे प्रार्थनामंदिर आहे. तेथे जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले एक संगमरवरी शिल्प सरफोजींनी बसविले. त्यात राजा आपल्या मृत्युशय्येवरील पालकाचा हात हाती घेऊन उभा आहे. राजाने आपली प्रतिमा कोठे कोरून घ्यावी? सिंहासनावर किंवा घोड्यावर, असे कोणीही म्हणेल. या राजाला ती आजाऱ्याच्या उशाशी कोरलेली हवी होती. ज्याने लहानपणी सोडून दिले जाण्याचा अनुभव घेतला आणि ज्याला एका माणसाच्या चिकाटीने त्यातून वर काढले, त्याला सोबतीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

गादी मिळाली, पण सत्ता गेली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. त्या वेळी सरफोजींना चिंता पडली ती छत्रांची. तंजावर प्रांतातून रामेश्वराच्या यात्रेचा मार्ग जातो. त्या मार्गावर मराठी राजांनी, बहुतेक राजस्त्रियांच्या नावे, अन्नछत्रे बांधली होती आणि त्यांना गावे तोडून दिली होती. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र, ओरत्तनाडचे मुक्तांबा छत्र ही त्यांतली काही. मुक्तांबा ही सरफोजींची प्रिय सखी. ती अकाली गेली आणि तिच्या स्मरणार्थ ओरत्तनाडचे छत्र उभे राहिले. कारभार कंपनीकडे गेल्यावर या छत्रांचे उत्पन्न थांबेल या भीतीने १८०१ साली सरफोजींनी रेसिडेंटला एक सविस्तर पत्र लिहिले. छत्रांत काय चालते हे त्यांनी त्यात कलमवार सांगितले आहे.

त्या पत्राचा आशय थोडक्यात असा. छत्रात येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला, मग तो ब्राह्मण असो की अस्पृश्य मानलेला असो, जोगी असो की बैरागी, अन्न मिळते. शिजलेले अन्न न घेणाऱ्याला शिधा मिळतो. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मग एक घंटा वाजविली जाते आणि अजून कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे असा पुकारा होतो. ज्याला पुढे चालवत नाही त्याला तो राहील तितके दिवस अन्न मिळते. छत्रात वैद्य नेमलेले असतात. जो आजारी पडेल त्याला औषध आणि पथ्याचे अन्न देऊन, बरा होईपर्यंत त्याची आदराने व ममतेने शुश्रूषा केली जाते. परक्या देशीच्या पोरक्या मुलांना गुरुजींच्या हवाली केले जाते; त्यांना अन्नवस्त्र, औषध, विद्या मिळते आणि ठरलेल्या दिवसांनी तेलाने न्हाऊ घातले जाते. गरोदर स्त्रियांच्या बाळंतपणाचा खर्च छत्र करते.

त्या काळच्या समाजाचे जातिभेद छत्राच्या पंगतीतही उतरलेले होते, आणि छत्रांत स्वभावविकारांवर उपचार होत असे म्हणणे तर निव्वळ अतिशयोक्ती होईल. मला लक्ष वेधावयाचे आहे ते त्या व्यवस्थेच्या रीतीकडे. तीन गोष्टी पाहा. पहिली, येणाऱ्याची पात्रता विचारली जात नव्हती; भूक ही पात्रता पुरेशी होती. दुसरी, देणे हे कोणाच्या लहरीवर सोपविलेले नव्हते; त्याला नियम होता, वेळ होती, लावून दिलेले उत्पन्न होते. पाणक्याचा किंवा आचाऱ्याचा आज राग आहे म्हणून पान चुकत नव्हते. तिसरी, वेळ संपत आली की ती न सांगता संपत नव्हती. आधी घंटा वाजे, बोलावणे होई, मगच दार लागे. या तीन गोष्टींकडे आपल्याला शेवटी परत यावयाचे आहे.

छत्रांच्या जोडीला सरफोजींचा धन्वंतरी महाल होता. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र बसत. औषधे तयार होत आणि अनुभवास उतरलेले योग नोंदले जात. त्यांतील पुष्कळसे 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने तमिळ पद्यात बांधले गेले. नेत्ररुग्णांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी सरस्वती महालात आजही जपलेल्या आहेत. रुग्णाला पाहावे, जे पाहिले ते टिपावे, टिपले त्यावरून पुढची दिशा ठरवावी, ही शिस्त त्यांत दिसते. अवघड स्वभावाच्या रुग्णाला 'तो तसाच आहे' असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी या नोंदी जरूर आठवाव्यात. टिपण सुरू झाले की शिक्का मारण्याची घाई आपोआप कमी होते.

ज्या १८०१ साली सरफोजींनी ते पत्र लिहिले, त्याच साली पॅरिसमध्ये फिलिप पिनेल या वैद्याचा मानसिक रोगांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने अशा रुग्णांचे वर्णन केले की ज्यांची बुद्धी शाबूत आहे, भ्रम नाही, परंतु भावना आणि आवेग यांच्यावर ताबा नाही. आजच्या व्यक्तिमत्त्वविकाराच्या कल्पनेचा एक उगम येथे मानतात. पिनेलचे नाव वेड्यांच्या साखळ्या तोडणारा म्हणून घेतले जाते. पण बिसेत्र येथील रुग्णालयात पुरुष रुग्णांच्या साखळ्या काढल्या त्या १७९७ साली, आणि काढणारा होता झाँ-बातिस्त प्यूसाँ नावाचा परिचारक. तो मूळचा चामडे कमावणारा, त्याच रुग्णालयात कधी काळी रुग्ण म्हणून आलेला. तो आणि त्याची पत्नी मार्गरीत रुग्णांमध्ये राहत, त्यांची नावे आणि सवयी जाणत, आणि सेवकांनी रुग्णांना मारू नये असा कडक नियम पाळवीत. आपण प्यूसाँकडूनच शिकलो, हे पिनेलने स्वतः मान्य केले आहे. म्हणजे तेथेही पहिले पाऊल परिचारकाचे होते.

त्यानंतरच्या काळात नावे पुष्कळ बदलली. १८३५ साली प्रिचर्ड या इंग्रज वैद्याने 'नैतिक वेड' अशी संज्ञा रूढ केली. तिने रुग्णावर पापाची छाया टाकली. १९२३ साली जर्मनीत कुर्ट श्नायडर याने अशा व्यक्तिमत्त्वांचे वर्गीकरण केले. १९३८ साली अमेरिकेत ॲडॉल्फ स्टर्न याने 'बॉर्डरलाइन' रुग्णांचे वर्णन केले. इकडे आपल्या देशात मद्रासचे वेड्यांचे इस्पितळ १७९४ साली सुरू झाले आणि १८७१ साली किल्पॉक येथील आवारात आले. कावेरीकाठच्या घरात कोणाचे भान सुटले तर त्याला मद्रासच्या भिंतीआड पाठविता येई. पण ज्याचे भान शाबूत आणि स्वभाव विसकटलेला, त्याला ना इस्पितळात जागा, ना घरात. त्याच्या वाट्याला येई ती आपली म्हण.

शुश्रूषेच्या शास्त्राने या रुग्णाकडे नीट पाहावयास सुरुवात केली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९५२ साली हिल्डेगार्ड पेप्लाउ या अमेरिकन परिचारिकेने परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच शुश्रूषेचा गाभा आहे असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. १९५७ साली टॉम मेन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि तो आजही परिचारिकांना वाचावयास देतात. कॅसल रुग्णालयातील परिचारिकांशी चर्चा करता करता त्याला एक विलक्षण गोष्ट उमगली. परिचारिका रुग्णाला झोपेचे औषध देतात ते बहुधा स्वतःची सहनशक्ती संपते त्या क्षणी. कारण मात्र वैद्यकीय सांगितले जाते. काही रुग्णांच्या बाबतीत तर सारा कर्मचारीवर्गच दुभंगतो. एक गट म्हणतो, याला फक्त आम्हीच समजतो. दुसरा म्हणतो, याला डोक्यावर चढवून ठेवले आहे. दोन्ही गट थकतात, एकमेकांवर रुष्ट होतात, आणि रुग्ण अधिकच बिघडतो. मेनने दोष रुग्णाला दिला नाही आणि परिचारिकांनाही दिला नाही. अशा आजाराची वेदना एका मनात मावत नाही, ती आजूबाजूच्या माणसांत पसरते, हे त्याने दाखवून दिले.

हे कळल्यावर काय करावे? आजच्या उत्तम वॉर्डात जी रीत पाळतात ती सांगतो. समजा, एका तरुणीला तिने हात कापून घेतल्यामुळे दाखल केले आहे. परिचारिका जखम धुते, मलमपट्टी करते. भाजलेल्या किंवा पडून लागलेल्या माणसाची जखम जितक्या शांतपणे धुवावी तितक्याच शांतपणे ती धुते. ती रागावत नाही, आणि अति हळहळतही नाही. पट्टी झाल्यावर विचारते, हे होण्याआधी काय झाले होते? मग ऐकते. मरण्याची भाषा आली तर ती प्रत्येक वेळी खरी मानते; 'नाटक' हा शब्द तिच्या कोशात नसतो, कारण या विकारात जीव गमावणारी माणसे थोडी नाहीत. 'तासाभराने येते' असे म्हणाली तर तासाभराने येते. येता येणार नसेल तर तसे म्हणतच नाही. काय चालेल आणि काय चालणार नाही हे रुग्णाबरोबर बसून ठरवलेले असते, लिहिलेले असते, आणि तिन्ही पाळ्यांच्या परिचारिका तेच पाळतात. रुग्ण शांत असतानाही कोणीतरी येऊन दोन शब्द बोलते. कारण वादळ केल्यावरच माणसे जवळ येतात असा धडा मिळाला तर वादळ थांबणार कसे? आणि घरी जाण्याचा दिवस आधीच सांगितलेला असतो, त्याविषयी पुनःपुन्हा बोलले जाते. कारण निरोप हाच या रुग्णाच्या मनातला सर्वांत दुखरा भाग असतो.

श्रोतेहो, छत्राच्या तीन गोष्टी आता आठवा. पात्रता न विचारणे, लहरीऐवजी नियम, आणि दार लागण्याआधीची घंटा. नव्या शास्त्राला जे मोठ्या कष्टाने सापडले त्याची बीजे त्या जुन्या व्यवस्थेत होती. छत्र उपाशी पोटासाठी होते, वॉर्ड उपाशी मनासाठी आहे; परंतु ज्याला कोणी टिकून राहील असा भरवसा नाही त्याला कसे द्यावे, हा प्रश्न दोघांचाही आहे. त्याचे उत्तर केवळ दयेत नाही. दया आज येते, उद्या आटते. नियमाने बांधलेली ममता टिकते.

छत्राच्या पत्रात जी बाजू येत नाही तीही येथे मांडली पाहिजे : देणाऱ्याची. चरकाने परिचारकाचे गुण सांगितले, पण ते गुण टिकविण्यासाठी परिचारकालाही आधार लागतो. या रुग्णाजवळ रोज बसणाऱ्या परिचारिकेला राग येतो, भीती वाटते, कधी त्याला वाचविण्याचा अभिमानही चढतो. हे सर्व मनातच ठेवले तर ते औषधाच्या कपातून, दाराच्या कडीतून, बोलण्याच्या सुरातून बाहेर पडते. म्हणून चांगल्या रुग्णालयांत परिचारिकांची नियमित बैठक भरते. तेथे 'मला आज त्याचा राग आला' असे म्हणता येते आणि ते म्हणणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. आपल्या घराघरांत हेच काम आई, पत्नी किंवा थोरली बहीण करीत असते, आणि तिच्यासाठी अशी बैठक कोठेच भरत नाही. तिला विसावा देणे, तिचे ऐकणे, हा रुग्णाच्या उपचाराचाच एक भाग आहे.

हे सर्व करून काही हाती लागते का? लागते. मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने आत्मघाताकडे वळणाऱ्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती बसविली. रुग्ण जसा आहे तसा त्याचा स्वीकार आणि बदलाचा आग्रह ही तिची दोन चाके. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकार कमी झालेले दिसले. पुढे कळले की लिनेहन स्वतः तरुणपणी अशाच यातनांतून गेली होती. ही गोष्ट तिने २०११ साली जाहीरपणे सांगितली. बिसेत्रचा प्यूसाँ आणि ही विदुषी, दोघेही आधी खाटेवर होते, मग उशाशी आले. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयाने १९९२ साली बॉर्डरलाइन रुग्णांची दीर्घकालीन पाहणी सुरू केली. दहा वर्षांच्या अवधीत त्यांतील बहुसंख्य रुग्णांची लक्षणे ओसरली. नोकरी, मैत्री, संसार यांची घडी बसावयास अधिक काळ लागतो, पण स्वभाव दगडावरची रेघ नाही, एवढे सिद्ध झाले.

आपल्या देशात मात्र या ज्ञानाला वाट फार दूरची आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी, तंजावरच्या दक्षिणेस रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे, मनोरुग्णांच्या एका झोपडीवजा निवासाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. अठ्ठावीस माणसे जळून गेली. रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी ज्या प्रदेशात मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी माणसाला शोधले जाई, त्याच प्रदेशात ही घटना घडली हे मनाला फार लागते. सर्वोच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्याने रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी काळजी मिळावी अशी तरतूद केली. कायद्याने साखळी काढली. पण ज्याला लोखंडी साखळी कधी घातलीच नव्हती, ज्याला केवळ 'नाटकी' या एका शब्दाने जखडले होते, त्याची साखळी कायद्याला दिसत नाही. ती खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसालाच काढावी लागते.

शेवटी एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. आजाऱ्याच्या सेवेला आपण 'शुश्रूषा' म्हणतो. हा शब्द 'श्रु' या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. तुम्हाला मी 'श्रोते' म्हणतो तोही त्याच धातूवरून. जुन्या माणसांनी पाय चेपण्याला किंवा औषध उगाळण्याला हे नाव दिले तेव्हा सेवेची सुरुवात कोठे होते हे त्यांना ठाऊक होते. स्वभावाला औषध नाही, ही म्हण खोटी म्हणण्याचे कारण नाही. फक्त ती अर्धीच आहे. तिचा उरलेला अर्धा भाग तंजावरच्या छत्रांत मध्यरात्रीच्या घंटेने पुकारला जात होता : अजून कोणी राहिले असेल तर यावे, दार अद्याप उघडे आहे.